गोलकीपरचा चावलेला कोपरा

३ मार्च

टिल्लू,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून नवीन कागद घेतला नाही.

फोन करणार नाही. फोनवर तू "ताईऽऽ" असं लांबवतोस, मी विरघळते, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात भांड्यांवर राग काढत बसते. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा आता मुकाट्याने वाच.

गोलकीपर कुठाय?

"कुठला गोलकीपर?" असं विचारलंस तर याद राख. बाबांच्या अल्बममधला. चहाच्या पुड्यांतून निघालेल्या त्या सगळ्या खेळाडूंच्या कार्डांत उघड्या हातांनी चेंडूवर झेपावणारा एकच आहे. त्याच्या एका बाजूला मिशाळ पहिलवान, दुसऱ्या बाजूला पोहणारी बाई आणि मधला कप्पा रिकामा. तू इतक्या वर्षांनी दोन दिवस येऊन राहिलास, पोटभर जेवलास, बाबांची नखं कापून दिलीस, निघताना मला रडवलंस. आणि तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा अल्बम मांडीवर घेऊन म्हणाले, "अगं, हा कप्पा सपाट का लागतोय?"

मी पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तोंडावर काही येऊ दिलं नाही. म्हटलं, "कप्प्याचं प्लास्टिक फाटलं होतं बाबा, नवीन पान आणायला दिलंय. त्याच्याबरोबर गोलकीपरही दिलाय." सगळं साफ खोटं. बाबांनी मान हलवली आणि अल्बम मिटला. बाकीची पानं उलटलीच नाहीत.

(आणि त्या नखांचं कौतुक शेजारच्या काकूंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. "धाकट्याने कापली हो, अगदी अलगद." दर रविवारी ती कोण कापतं, हे कोणी विचारलं नाही आणि बाबांनीही सांगितलं नाही.)

तू त्या कार्डांचाच धंदा करतोस, तेव्हा जुनं कार्ड कोणाला किती हवं असतं ते मी तुला सांगायला नको. पण हे कार्ड बाबांना कशाला हवं असतं ते तू विसरला असशील, म्हणून सांगते. तू जेमतेम बसायला लागला होतास. बाबा तुला मांडीवर घेऊन कार्डं लावत होते. तू गोलकीपर उचललास आणि खालचा डावा कोपरा चावलास. नुकते आलेले दोनच दात, दोनच खड्डे. आई ओरडली, मी तुझ्या पाठीत धपाटा घालायला धावले. बाबा म्हणाले, "राहू दे. पोराने सही केलीय."

बाबांचा एक डोळा तर कधीच गेला. दुसऱ्यात आता धुकं आहे. बोटांनी कार्डं ओळखतो असं म्हणतात, पण ओळखत-बिळखत काही नाहीत. सायकलवाल्याला बॉक्सर म्हणतात आणि मी हो म्हणते. एक गोलकीपर तेवढा बरोबर सापडतो, कारण त्या दोन खड्ड्यांवर अंगठा बसतो. रोज दुपारी चहा झाला की अंगठा तिथे ठेवून बसतात. चहा गार होतो, तरी बसतात.

उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, हे तुला माहीत आहे. तू होतास तेव्हाच ठरत होतं. म्हणून सांगते, कार्ड आठ दिवसांत परत पाठव. विकलं असशील तर ज्याला विकलंस त्याच्या दारात जाऊन बस.

— ताई

१२ मार्च

टिल्लू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा अर्ध्यातच मोबाइल सोफ्यावर भिरकावला होता.

"ताई, चोरलं नाही, नेलं." वा! कपाटातून न विचारता काढून बॅगेत घालायचं आणि त्याला नेलं म्हणायचं. मग मीही उद्या आमच्या दातांच्या लॅबमधून कोणाची तरी कवळी नेते. म्हणेन, चोरली नाही हो, नेली.

तुझं म्हणणं असं, की तू ते ग्रेडिंगला दिलंयस. म्हणजे कुठल्याशा कंपनीत पाठवायचं, त्यांनी भिंगातून बघायचं, दहापैकी मार्क द्यायचे आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत करायचं. कार्डाला मार्क! बाबांनी माझ्या प्रगतिपुस्तकावर कधी नीट नजर टाकली नाही, आणि त्यांच्या गोलकीपरला आता मार्क मिळणार. "बाबांना सरप्राइज द्यायचं होतं" म्हणे. ते तू दिलंस, यात वाद नाही.

तुझ्या दुकानाचा तो व्हिडिओही शेजारच्या काकूंनी दाखवला. पांढरे हातमोजे घालून, चिमट्यात धरून, श्वास रोखून कार्ड उचलतोस. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. याच कार्डांना भिंतीवर टिचक्या मारून आपण डाव खेळायचो, आणि हरलास की तू पहिलवानाची मिशी पेनाने वाढवायचास. मिशाळ पहिलवान आधी मिशाळ नव्हताच. आठवतं का?

आता नीट ऐक. काल बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, वीस एप्रिलच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे. उशीर केलात तर उरलंय तेही जाईल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. मी म्हटलं, तारीख द्या. तर बाबा खुर्चीत ताठ बसून म्हणतात, "गोलकीपर आला की करू."

डॉक्टरबाईंना वाटलं, घरातल्या कोणा माणसाबद्दल बोलतायत. म्हणाल्या, "हो हो, ते आले की त्यांच्याशी बोलून ठरवा." मला हसावं की रडावं कळेना.

बाबांचं खूळ तुला माहीत आहे. साबणाच्या कारखान्याच्या टीमचे ते गोलकीपर होते. मॅचला जाताना ते कार्ड शर्टाच्या खिशात असायचं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी खिशात, माझ्या बारावीच्या निकालाला खिशात. तू दुकान काढायला निघालास आणि बाबा "कार्डं विकायची नसतात" म्हणून तुझ्यावर ओरडले, तू बॅग उचलून गेलास, त्या दिवशी खिडकीत उभे होते तेव्हाही खिशातच. आता ते उशीखाली असल्याशिवाय ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाहीत. मी समजावलं, रागावले, एक वेळ जेवले नाही. ते ढिम्म.

डोळा जातोय, टिल्लू. एका कार्डापायी डोळा जातोय, आणि ते कार्ड मार्क मिळवायला गेलंय.

— ताई

२४ मार्च

टिल्लू,

पार्सल मिळालं. कापूस, बुडबुड्यांचं प्लास्टिक, त्याच्या आत खोका, खोक्यात डबी. कात्रीने उघडता उघडता मी मनातल्या मनात तुला माफ करून टाकलं होतं. इतकी मी मूर्ख.

डबी बाबांच्या हातात दिली. त्यांनी हात पुसले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस लहान पोरासारखा सावरून बसला. मग डबीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही कसली काच?" मी सांगितलं, आत गोलकीपर आहे. त्यांनी डबी डोळ्याजवळ नेली, उजेडाकडे धरली, कोपरा शोधला. पुन्हा शोधला. शेवटी डबी माझ्याकडे देत म्हणाले, "कोणाचा आहे गं हा? परत देऊन टाक. ज्याचा असेल तो शोधत असेल."

मी पाहिलं. चारही कोपरे टोकदार, रंग कालच छापल्यासारखे, वर दहापैकी नऊचं लेबल. कार्ड तेच, पण आपलं नव्हे.

मग मात्र मी फोन केला, आणि तू मलाच समजवायला लागलास. "ताई, तेच कार्ड आहे, उलट जास्त चांगलं. आमच्यात असंच करतात. बरी प्रत मिळाली की जुनी काढून टाकायची." आमच्यात म्हणजे कोणात रे? आमच्यात असं नाही करत. बरा बाप मिळाला म्हणून जुना काढून टाकला असं तुमच्यात असेल तर ते तरी कळव.

त्यावर तू जे बोललास ते मी इथे लिहून ठेवतेय, म्हणजे तुला वाचावं लागेल. तू म्हणालास, "ताई, तुझ्या लॅबमध्ये लहान मुलांच्या दातांचे साचे असतात ना? डबी उघड आणि एक कोपरा दाब जरा त्याच्यावर. बाबांना आता काय कळतंय?"

बाबांना काय कळतंय!

माझं काम तुला कधी नीट विचारावंसं वाटलं नाही, म्हणून सांगते. मी दिवसभर दुसऱ्यांचे दात बनवते. डॉक्टरांकडून तोंडाचं माप येतं, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते, गुलाबी हिरडी घासून गुळगुळीत करते. फळीवर ओळीने जबडे मांडलेले असतात. एखादी आजी कवळी घालून पहिल्यांदा हसते तेव्हा मी तिथे नसते, पण तिचे दात तिच्याच तोंडाचे दिसावेत म्हणून मी पुढचा एक किंचित वाकडा बसवते. हे मला जमतं. तुझे दोन दातही जमले असते. तुझ्या चाव्यापेक्षा सरस चावा दिला असता मी.

आणि एक सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दातांच्या तारांसाठी आलेला एका पोराचा साचा मी हातात घेतला. डबी पिशवीत होती. बाजूच्या टेबलवरची मुलगी चहाला गेली होती. एक मिनिटाचं काम होतं. बाबांचा अंगठा बसला असता, ते ऑपरेशनला तयार झाले असते, डोळा वाचला असता, आणि मी सुटले असते. साचा फळीवर परत ठेवला. तुझ्यावर मेहरबानी म्हणून नाही. रोज दुपारी त्या खोट्या खड्ड्यांवर बाबांचा अंगठा मला बघवला नसता.

आता मनातलं बोलतेच. मला त्या कोपऱ्याचा राग येतो. पहिल्यापासून येतो. तू कधीमधी उगवतोस, आणि तुझ्या दोन दातांवर बाबांचा अंगठा रोज. मी त्यांना औषध देते, आंघोळीचं पाणी काढते, सायकलवाल्याला बॉक्सर म्हणते, आणि त्या अख्ख्या अल्बममध्ये माझी एक खूण नाही. का, तर मी शहाणी होते. मी कार्डं नीट धरायचे.

आपलं कार्ड पाठव. ते आहे कुठे, एवढंच कळव. डॉक्टरबाईंचा कालच फोन आला होता. तारीख मी अजून घेतलेली नाही.

— ताई

१ एप्रिल

टिल्लू,

तुझं पत्र आलं. हाताने लिहिलेलं. अक्षर अजून तसंच, कोंबड्याचे पाय.

वाचून तशीच कामाला गेले. लॅबमध्ये एका कवळीला वरचे दात खाली लावून ठेवले, आमच्या साहेबांनी बघितलं आणि माझ्यापुढे आणून ठेवली.

म्हणजे तू ते विकणार नव्हतासच. बाबांच्या डोळ्यात थोडा उजेड आहे तोवर त्यांना गोलकीपर एकदा नव्यासारखा बघायला मिळावा, म्हणून तू कोणा कारागिराला दिलास. तो म्हणाला, कडा फार झिजल्यात, जरा छाटून सरळ करू, कोपऱ्यातले खड्डेही निघून जातील. आणि तू हो म्हणालास. कार्डांत आयुष्य घातलेला माणूस तू! मग कंपनीकडे गेलं तेव्हा त्यांनी मापलं, भरलं कमी, आणि 'कडा कापलेल्या' असा शेरा मारून मार्क न देताच परत पाठवलं. आता ते तुमच्या बाजारात कवडीचंही नाही आणि आमच्या घरात त्याला खूण नाही. आणि तोंड दाखवायला लाज वाटली म्हणून स्वतःच्या दुकानातलं सगळ्यात चांगलं उचलून पाठवलंस.

अरे गाढवा, अरे अतिशहाण्या! तुझे दात छाटून घेतलेस तू! स्वतःचे!

चोर असतास तर बरं झालं असतं. चोराला शिव्या घालून मी मोकळी झाले असते. आता शिव्या देते आणि मध्येच तू दिसतोस, ते कापलेलं कार्ड हातात धरून उभा असलेला. त्याने राग कमी होत नाही, उलट वाढतो.

तू लिहिलंयस, "ते कसं पाठवू, बाबांना काय सांगशील?" काय सांगायचं ते मी बघेन. आजवर मीच बघत आलेय. बाजारात पैशालाही न खपणारं ते पोर आमच्याकडे पाठव. डबी नको, कापूस नको. साध्या पाकिटात घालून पाठव.

— ताई

८ एप्रिल

टिल्लू,

शनिवारी पाकीट आलं.

मी ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही आणि खरंही लगेच सांगायचं नाही, आधी नुसतं हातात द्यायचं. बाबांनी कार्ड घेतलं, अंगठा खालच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे काही नाही. मला वाटलं, आता हेही परत देऊन टाक म्हणतात. पण त्यांनी चारही कडांवरून बोट फिरवलं, पाठीवरून फिरवलं, नाकाशी नेलं. मग अल्बम मागितला, तिसरं पान काढून कप्प्यात सरकवलं. पूर्वी घट्ट बसायचं, आता सुळकन आत गेलं आणि हलायला लागलं.

"आपलाच आहे," बाबा म्हणाले. "बारीक झालाय. तिकडे जेवत नाही वाटतं."

मी तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा सगळं सांगितलं. तू नेलंस, छाटलंस, दुसरं पाठवलंस, साच्याचं सुचवलंस, मी साचा हातात घेतला, सगळं. मला वाटलं होतं, तू बॅग उचलून गेलास त्या दिवसासारखे ओरडतील. ओरडले नाहीत. बराच वेळ कार्ड कप्प्यात हलवत बसले. मग विचारलं, "त्याचे स्वतःचे दात आहेत ना अजून तोंडात?"

म्हटलं, असतील. खोटे लागले असते तर माझ्याकडेच आला असता.

"मग झालं. तो दुसरा कुठाय, काचेतला? काढ बाहेर."

टिल्लू, तुझी डबी भलती चिवट निघाली. सुरी लावली, तुटली नाही. शेवटी प्लास्टर फोडायची लॅबची हातोडी आणली आणि ओट्यावर ठेवून दोन घाव घातले. तुझे नऊ मार्क मी सुपलीत भरून केरात टाकले. हे वाचून तुला चक्कर येणार, मला माहीत आहे, आणि ते डोळ्यांपुढे आणून मी फार दिवसांनी पोटभर हसले.

बाबांनी कार्ड हातात घेऊन कोपरे चाचपले. "टोचतायत," म्हणाले. मी म्हटलं, ठेवून देते, टिल्लू येईल तेव्हा चावेल. तर कार्ड माझ्यापुढे धरून म्हणतात, "चार कोपरे आहेत गं. त्याची वाट कशाला बघतेस? तू आधी."

मी म्हटलं, बाबा, पन्नाशीला आले मी. "मग काय झालं," म्हणाले. "तू नीट धरायचीस म्हणून तुला कधी दिलं नाही मी. मला कळायला हवं होतं."

वरचा उजवा कोपरा माझा. चांगला जोर लावून चावलाय, तुझ्या नावाने दात-ओठ खात. जुन्या पुठ्ठ्याची चव कडवट असते. बाबांनी लगेच अंगठा लावून बघितला आणि म्हणाले, "तुझे दात मोठे आहेत." तेव्हापासून कार्ड शर्टाच्या खिशात आहे. बारीक झालेलाही तिथेच आहे, त्याच्या पाठीला पाठ लावून.

डॉक्टरबाईंकडून तारीख घेतलीय. अठरा तारीख, गुरुवार, सकाळी आत घेतील. दोन्ही कार्डं उशीखाली ठेवायची परवानगी मी भांडून मिळवलीय. बाबांची अट आता एकच आहे. आत जाण्याआधी नव्या कार्डाचा खालचा डावा कोपरा भरलेला हवा. तो मी चावणार नाही, साचा लावणार नाही, आणि तुझ्या वतीने दुसऱ्या कोणाला चावू देणार नाही. आला नाहीस तर ते टेबलावर चढणार नाहीत, आणि ते चढले नाहीत तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही मी. बाबांना तर ते दिसायचंच नाही.

माझा राग गेलेला नाही. तो तू आल्यावर समोर बसवून काढायचाय, बराच शिल्लक आहे. आशीर्वादही तेव्हाच देईन, टपालाने पाठवत नाही.

बुधवारी संध्याकाळपर्यंत पोच. हातमोजे आणू नकोस.

— ताई